वडील गेले, मग त्या वचनाचं काय?

ताई, तुमचा प्रश्न दोनतीनदा वाचला. वडिलांनी जवळजवळ चाळीस वर्षं यिर्मया २९:११ ('तुम्हाला भविष्य आणि आशा देणारे माझे संकल्प आहेत') हे एकच वचन धरून प्रार्थना केली, त्यांच्या बायबलमध्ये त्या ओळीखाली लाल पेनाची रेघ आहे, ज्यासाठी मागत होते ते त्यांच्या हयातीत झालं नाही आणि गेल्या महिन्यात ते गेले. दफनाच्या वेळी पाळकसाहेब म्हणाले की देव पिढ्यानपिढ्या विश्वासू आहे. एक नातेवाईक म्हणाले घराण्यात काहीतरी शाप असेल. आणि तुम्ही विचारताय की हे पिढ्यानपिढ्याचं खरंच हिब्रू शास्त्रात आहे का, का माणूस गेल्यावर घरच्यांच्या समाधानासाठी बोलायची एक पद्धत आहे.

मी चर्चमध्ये जुना करार शिकवतोय त्याला २६ वर्षं झाली, हिब्रू त्याच्या आधीपासून शिकतोय, आणि हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारतंच, बहुतेक क्लास संपल्यावर, दारात चपला घालताना, कारण सगळ्यांसमोर विचारायची हिंमत होत नाही. तुम्ही उघड विचारलंत म्हणून सविस्तर लिहितो. शास्त्रात आहे, अगदी पानोपानी आहे. पण ते वाक्य आपण फार पटकन बोलून मोकळे होतो, आणि शास्त्रात ते इतकं पटकन येत नाही.

आधी शब्द बघू. विश्वासूपणासाठी हिब्रूत 'एमूना' म्हणतात, आलेफ मेम नून ही मुळाक्षरं, आपण प्रार्थनेच्या शेवटी 'आमेन' म्हणतो तो शब्दही त्याच मुळातला. हा एमूना शब्द शास्त्रात पहिल्यांदा कुठे येतो माहितीये का, निर्गम १७:१२ मध्ये, आणि तिथे तो देवाबद्दल नाहीये, मोशेच्या हातांबद्दल आहे. अमालेकी लोकांशी लढाई चालू, मोशे टेकडीवर हात वर करून उभा, हात वर असले की इस्राएलची सरशी आणि खाली आले की अमालेकची, पण म्हातारा माणूस, हात भरून आले, मग त्याला बसायला एक दगड आणून ठेवला आणि अहरोन एका बाजूने आणि हूर दुसऱ्या बाजूने हात धरून उभे राहिले, आणि पुढे लिहिलंय की त्याचे हात सूर्य मावळेपर्यंत 'एमूना' होते. भाषांतरात आपण 'स्थिर' वाचतो आणि पुढे जातो, पण शब्द तोच.

अजून एक बघा. रूथच्या पुस्तकात शेवटी नामी, जी नवरा आणि दोन्ही मुलं गमावून आली होती आणि गावातल्या बायकांना म्हणाली होती की मी भरलेली गेले आणि देवाने मला रिकामी परत आणलं, ती नामी रूथच्या बाळाला, ओबेदला, मांडीवर घेते आणि त्याची 'ओमेनेत' होते, म्हणजे बाळाला सांभाळणारी, अंगाखांद्यावर वागवणारी. परत तेच मूळ. आणि २ राजे १८:१६ मध्ये मंदिराच्या दाराच्या चौकटीच्या खांबांना 'ओमनोत' म्हटलंय. म्हणजे टेकू दिलेला हात, मूल घेतलेली मांडी, दार पेलणारा खांब. हिब्रू माणूस 'देव विश्वासू आहे' म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यासमोर हे असतं, भार घेणारा आणि तो मधेच खाली न टाकणारा. किती लवकर देतो हा मुद्दा त्या शब्दात नाहीच.

आता अब्राहाम. सगळे म्हणतात अब्राहामाला वचन मिळालं आणि ते पूर्ण झालं. पण हिशोब मांडून बघा ना. हारान सोडलं तेव्हा वय ७५. इसहाक झाला तेव्हा १००. वारला तेव्हा १७५. म्हणजे 'हा देश तुझ्या संततीला देईन' हे ऐकल्यावर तो पुढे शंभर वर्षं जगला, आणि त्या शंभर वर्षांत त्या देशात स्वतःच्या नावावर विकत घेतलेली जमीन किती, तर एक शेत आणि त्यातली एक गुहा, तीसुद्धा बायकोला पुरायला. उत्पत्तीचा २३ वा अध्याय, मी क्लासमध्ये हा नेहमी मोठ्याने वाचून घेतो, कारण ज्याने कधी गावाकडे जमिनीचा व्यवहार केलाय त्याला तो लगेच कळतो. सारा १२७ वर्षांची होऊन हेब्रोनला वारली. अब्राहाम उठून हित्ती लोकांना म्हणतो मी तुमच्यात परका आणि उपरा, मला कबरेपुरती जागा द्या. एफ्रोन आधी चारचौघांत म्हणतो अहो घ्या तशीच, पैसे कसले, आणि मग हळूच, ४०० शेकेल (चांदीचं जुनं वजन) किमतीची ती जमीन, तुमच्यामाझ्यात काय मोठंसं. अब्राहाम घासाघीस करत नाही, चांदी तोलून देतो, आजच्या मापाने साडेचार किलोच्या आसपास. आणि पुढची ओळ तर थेट आपल्या खरेदीखतासारखी आहे, मकपेलातलं मम्रेसमोरचं शेत, त्यातली गुहा, आणि चतुःसीमेच्या आतली सगळी झाडं, वेशीत येणाऱ्या सगळ्या हित्ती लोकांसमक्ष अब्राहामाच्या मालकीची झाली. झाडंसुद्धा लिहिलीत. सबंध देशाचं वचन आणि सातबारा एका कबरेचा.

मला पूर्वी हा अध्याय खूप उदास वाटायचा. आता वाटत नाही, आणि त्याचं कारण आहे १५ वा अध्याय, जो लोक घाईत वाचतात. तिथे देव अब्राहामाला स्पष्ट सांगतो, तुझी संतती परक्या देशात ४०० वर्षं दास्यात राहील, तू स्वतः शांतीने आपल्या पूर्वजांकडे जाशील, आणि चौथ्या पिढीत ते इकडे परत येतील. म्हणजे वचनाची तारीखच त्याच्या आयुष्याच्या पलीकडची होती आणि ती त्याच्यापासून लपवलेली नव्हती. (४०० की ४३०, कारण निर्गम १२:४० मध्ये ४३० आहे, यावर जुन्या रब्बींपासून, म्हणजे ज्यू धर्मगुरूंपासून, चर्चा आहे, इसहाकाच्या जन्मापासून मोजायचे की मिसरात गेल्यापासून वगैरे, त्यात आत्ता जात नाही.) आणि त्याच रात्री करार होतो. जनावरं मधोमध चिरून समोरासमोर ठेवलेली, त्या काळी करार करणारे त्या तुकड्यांमधून चालत जायचे, म्हणजे मी शब्द मोडला तर माझंही असंच होवो, यिर्मया ३४:१८ मध्ये ही पद्धत नीट दिसते. पण इथे अब्राहामाला गाढ झोप लागलेली आहे, आणि तुकड्यांमधून जातो तो फक्त धुमसणारा भट्टीसारखा अग्नी आणि एक जळती मशाल. दुसरा पक्ष चाललाच नाही. सगळा भार एकाच बाजूने घेतला गेला. या एका चित्रावर मी स्वतः कितीतरी वाईट वर्षं काढलीत.

आता जे मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते. योसेफाची हाडं.

उत्पत्तीचं पुस्तक उघडतं 'प्रारंभी' ने, आणि संपतं कशाने तर 'त्याला मिसरात एका पेटीत ठेवलं'. एवढं मोठं पुस्तक, आकाश आणि पृथ्वीपासून सुरू झालेलं, आणि शेवटचं चित्र परदेशातल्या एका शवपेटीचं. योसेफ ११० वर्षांचा झाला, मिसराचा मोठा अधिकारी, तिथेच त्याची चांगली कबर बांधली गेली असती. पण तो भावांना शपथ घालतो की देव नक्की तुमची भेट घेईल, तेव्हा माझी हाडं इथून घेऊन जा. हिब्रूत ते शब्द आहेत 'पाकोद यिफ्कोद', क्रियापद दोनदा, म्हणजे भेट घेईल म्हणजे घेईलच, आठवण ठेवून येईलच. त्याच क्रियापदाने आधी साराबद्दल लिहिलेलं आहे, देवाने साराची भेट घेतली आणि म्हातारपणी तिला मूल झालं. मग कित्येक पिढ्या गेल्या. राजा बदलला, योसेफ कोण हे माहीत नसलेला राजा आला, विटांची वेठबिगारी आली, मुलगे नदीत टाकायचा हुकूम निघाला. आणि मग जळत्या झुडपाजवळ देव मोशेला सांगतो की जाऊन वडीलजनांना सांग, 'पाकोद पाकद्ती', मी तुमची भेट घेतलीच आहे. तेच शब्द!

ज्यू परंपरेत इथे एक फार सुंदर गोष्ट सांगतात. आशेरची मुलगी सेरह, तिचं नाव मिसरात आलेल्यांच्या यादीत आहे (उत्पत्ती ४६:१७) आणि वाळवंटातल्या शिरगणतीतही आहे (गणना २६:४६), म्हणून रब्बी म्हणतात ती एवढी वर्षं जिवंत होती, आणि मोशे आला तेव्हा वडीलजन तिच्याकडे गेले, तिने विचारलं तो काय शब्द बोलला, आणि 'पाकोद पाकद्ती' ऐकल्यावर म्हणाली हाच तो माणूस, कारण माझ्या वडिलांनी मला हा शब्द सांगून ठेवला होता. आणि योसेफाची पेटी कुठे आहे ते पण तिनेच दाखवलं म्हणतात. ही गोष्ट शास्त्रातली नाही, परंपरेतली आहे, पण ज्याने ती रचली त्याला वचन एका पिढीतून दुसऱ्या पिढीत कसं जातं ते पक्कं कळलेलं होतं, घरातली एक म्हातारी बाई ते नेमके शब्द जपून ठेवते आणि वेळ आल्यावर ओळखते. तुमच्या वडिलांनी काय केलं ते मला यात दिसतं, म्हणून मुद्दाम लिहिलं.

निर्गम १३:१९, मिसरातून निघायची गडबड, पीठ फुगायलाही वेळ नाही, आणि तेवढ्यात लिहिलंय की मोशेने योसेफाची हाडं बरोबर घेतली. ४० वर्षं ती पेटी त्यांच्याबरोबर फिरली. पेटीला हिब्रूत 'आरोन' म्हणतात, आणि दहा आज्ञांच्या पाट्या ज्यात होत्या तो कराराचा कोश, त्यालाही 'आरोन'च. तालमूदमध्ये, म्हणजे रब्बींच्या चर्चांच्या जुन्या ग्रंथात, म्हटलंय की वाळवंटात दोन आरोन शेजारी शेजारी चालायचे, एक मेलेल्या माणसाचा आणि एक जिवंत देवाच्या सान्निध्याचा. मेलेल्याच्या पेटीशेजारी देवाचा कोश, चाळीस वर्षं, हे जरा डोळ्यासमोर आणा. आणि यहोशवाच्या पुस्तकाच्या शेवटी, २४:३२, ती हाडं शखेमला पुरली, याकोबाने हमोरच्या मुलांकडून १०० कसीटा (तेव्हाचं एक चलन) देऊन घेतलेल्या जमिनीच्या तुकड्यात. पणजोबांना, म्हणजे अब्राहामाला, वचन, आजोबा नि बापाने ते सांगत ठेवलं, योसेफाने त्यावर स्वतःची हाडं लावली, आणि ज्यांनी पुरलं त्यांनी त्याला कधी पाहिलंच नव्हतं.

याच्याशी जोडलेली एक आपल्याकडची गोष्ट. कोकणातले बेने इस्राएल, अलिबाग, पेण, रेवदंडा भागातले, तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणायचे. कितीतरी पिढ्या ते बाकीच्या ज्यू जगापासून तुटलेले होते, ग्रंथ नव्हते, हिब्रू जवळजवळ विसरले, पण शब्बाथ, सुंता आणि 'शेमा इस्राएल' ही प्रार्थना एवढं सोडलं नाही. आजही त्यांच्याकडे मलिदा करतात, पोहे, ओलं खोबरं, साखर, फळं ताटात मांडून, नवस फेडायला किंवा आभार मानायला, एलियाहू हन्नबीचं, म्हणजे एलीया संदेष्ट्याचं, नाव घेऊन, आणि त्या ताटासमोर इसहाकाने याकोबाला दिलेल्या आशीर्वादाच्या ओळी म्हणतात, देव तुला आकाशाचं दहिवर देवो. त्या आंधळ्या म्हाताऱ्याने तंबूत बसून उच्चारलेले शब्द मराठी घरात पोह्यांच्या ताटावर. पिढ्यानपिढ्या म्हणजे काय ते मला कुठल्याही प्रवचनापेक्षा इथे जास्त समजलं.

शापाचं तेवढ्यात मिटवतो. निर्गम ३४:७ चा अर्धा तुकडा काढून लोक घाबरवतात, बापाच्या अधर्माचं फळ तिसऱ्या चौथ्या पिढीपर्यंत. पण त्याच वाक्यात आधी काय आहे ते वाचा, हजारांवर दया टिकवणारा, आणि अनुवाद ७:९ तर स्पष्ट म्हणतं हजार पिढ्या. तीनचार विरुद्ध हजार. शिवाय यहेज्केल १८ पूर्ण अध्याय यावरच आहे, बापाने आंबट द्राक्षं खाल्ली म्हणून मुलाचे दात आंबणार नाहीत. तुमच्या वडिलांची प्रार्थना शापामुळे अडली असं सांगणाऱ्याने शास्त्र अर्धंच उघडलंय, आणि दुःखात असलेल्या घरात असं बोलणं चूकच आहे.

आता हेही सांगायला हवं की शास्त्र स्वतः गोड गोड बोलत नाही. यहोशवा २१:४५ म्हणतं देवाच्या चांगल्या वचनांपैकी एकही शब्द 'पडला' नाही, हिब्रूत खरंच 'नाफल' आहे, खाली पडणे. आणि त्याच पुस्तकात १३:१ मध्ये देव म्हाताऱ्या यहोशवाला म्हणतो की खूपशी जमीन अजून ताब्यात घ्यायची राहिली आहे. शास्ते पहिला अध्याय तर न जिंकलेल्या गावांची यादीच आहे. ज्यांनी ही पुस्तकं जपली त्यांनी दोन्ही वाक्यं ठेवली, एकही खोडलं नाही.

आणि स्तोत्र ८९. हे तुम्ही वाचाच. एमूना हा शब्द यात सात वेळा येतो. सुरुवातीला सगळी स्तुती, दावीदाला दिलेलं वचन, चंद्रासारखं कायम टिकणारं राजासन. मग ३८ व्या ओळीपासून एकदम सूर बदलतो, पण तू तर टाकलंस, तू करार झिडकारलास, मुकुट धुळीत मिळवलास. आणि सातवा एमूना कुठे येतो तर ४९ व्या ओळीत, तक्रारीत, प्रभू, तुझ्या एमूनेने तू दावीदाला शपथ वाहिलीस ती तुझी पूर्वीची दया कुठे आहे? उत्तर येत नाही. स्तोत्र तसंच संपतं. हे देवाच्या उपासनेच्या पुस्तकात आहे ताई, म्हणजे 'कुठे आहे' असं विचारणं हा अविश्वास धरला जात नाही, ते त्याच शब्दाला धरून विचारणं आहे. आईला सांगा, रडून विचारलं तरी चालतं.

आता वडिलांच्या ओळीकडे येतो. यिर्मया २९:११, तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत, तुम्हाला भविष्य आणि आशा देणारे. हे सगळीकडे दिसतं, कॅलेंडरवर, मगवर, व्हॉट्सॲप स्टेटसला. पण हे एका पत्रातलं वाक्य आहे, आणि पत्र कुणाला, तर इ.स.पू. ५९७ मध्ये यहूदाच्या यहोयाखीन राजाबरोबर बाबेलला (बॅबिलोनला) धरून नेलेल्या लोकांना. राजा १८ वर्षांचा पोरगा, तीन महिने गादीवर. त्याच्या आधीच्या अध्यायात, २८ मध्ये, हनन्या नावाचा एक संदेष्टा उभा राहून सांगतो की दोन वर्षांत सगळे परत येतील. तो खोटा ठरतो. म्हणजे लवकरचं वचन देणारा खोटा होता, आणि यिर्मया काय लिहितो, घरं बांधा, बागा लावा, त्यांची फळं खा, लग्नं करा, मुलांची लग्नं लावा, कारण ७० वर्षं आहेत. दहावी ओळ सत्तर वर्षांची आणि लगेच अकरावी आशेची. ज्याने ते पत्र तिशीत ऐकलं तो शंभरीचा झाला असता. पत्र ऐकणाऱ्या बहुतेक मोठ्या माणसांना कळलं असणार की हे आपल्यासाठी नाही, आपल्या नातवंडांसाठी आहे, आणि तरी त्याला 'तुमचं भविष्य' म्हटलंय.

त्या यहोयाखीनचं पुढे काय झालं तेही दिसतं. बाबेलच्या उत्खननात मातीच्या पाट्या सापडल्या, आता बर्लिनला आहेत, त्यात यहूदाच्या राजाला आणि त्याच्या पाच मुलांना तेलाचा शिधा दिल्याची नोंद आहे, साल इ.स.पू. ५९२. कोठारातल्या कारकुनाची साधी नोंद. दावीदाचा वंश परक्या सरकारच्या शिध्यावर जिवंत. यिर्मयाने त्याच्याबद्दल म्हटलं होतं की उजव्या हातातली मुद्रिका असलास तरी उपटून टाकीन (२२:२४), आणि इ.स.पू. ५२० मध्ये हाग्गय संदेष्टा त्याच्याच वंशातल्या जरूब्बाबेलला म्हणतो, मी तुला मुद्रिकेसारखं करीन. टाकलेली अंगठी दोन पिढ्यांनी परत उचलली.

आणि स्वतः यिर्मयाचं बघा, अध्याय ३२. यरुशलेमला वेढा पडलेला, तो पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत, आणि चुलतभाऊ हनामेल येऊन म्हणतो अनाथोथचं माझं शेत घे, भाऊबंद म्हणून पहिला हक्क तुझा आहे. अनाथोथ शहरापासून चारपाच किलोमीटरवर, म्हणजे बाबेलचं सैन्य फिरतंय त्या भागातलीच जमीन. यिर्मया १७ शेकेल तोलून देतो, साक्षीदारांच्या सह्या घेतो, खरेदीखताच्या दोन प्रती, एक मोहरबंद आणि एक उघडी, आणि आपला लेखनिक बारूखला सांगतो मातीच्या मडक्यात घालून ठेव, पुष्कळ दिवस टिकतील अशा. मग एकटा पडल्यावर देवाला विचारतो, शहर तर पडतंय आणि तू मला म्हणतोस शेत विकत घे? त्याला ते शेत कधी कसता आलं नाही. त्याला मिसरात ओढून नेलं.

वडिलांचं ते बायबल उघडाल तेव्हा लाल रेघेच्या वर दहावी ओळ आधी वाचा. आणि मग एज्राचा दुसरा अध्याय काढा, परत आलेल्यांच्या यादीचा, जो कुणीच वाचत नाही, नुसती नावं आणि आकडे. तेविसावी ओळ एवढीच आहे: अनाथोथचे लोक, १२८.